ऋणमोचन

आमच्या सोलापूर शहरात ‘हुतात्मा’ ह्या शब्दाचा अर्थ मुलांस निराळा समजावून सांगावा लागत नाही. शाळेस येता-जाता चार हुतात्म्यांचे पुतळे त्यांच्या दृष्टीस पडतात, आणि मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा ही चार नावे येथील लहान मूलही एका दमात म्हणून दाखविते. १९३० सालच्या मे महिन्यात ह्या शहराने जे धैर्य दाखविले व त्यापायी जो लष्करी कायदा सोसला, त्याचे मोल ह्या चौघांनी १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फासावर चढून दिले. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेची गडबड सुरू असतानाच हा स्मृतिदिन येतो, आणि दरवर्षी त्या दिवशी मी वर्गात ह्या चौघांची हकीकत सांगत असते.

काही वर्षांपूर्वी अशाच एका दिवशी माझे सांगणे संपल्यावर आठवीतील एक मुलगी उभी राहिली व तिने विचारले, “बाई, ह्यांच्यात एकही बाई कशी नाही?” मी झाशीच्या राणीचे नाव घेतले. मुलीचे समाधान झाले नाही. ती म्हणाली, “ती तलवार घेऊन लढली, बाई. हातात काही न घेता मेलेली कुणी आहे का?” तेवढ्यात तास संपल्याची घंटा झाली आणि माझी सुटका झाली.

सुटका झाली असे मी म्हणते, कारण त्या प्रश्नाचे उत्तर मला ठाऊक होते. ते देण्यास माझी जीभ त्या दिवशी का धजली नाही, हे सांगितल्यावाचून ते उत्तर पुरे होणार नाही. त्या उत्तराशी माझ्या स्वतःच्या एका अपराधाचा हिशेब जोडलेला आहे. ह्या वर्षी वार्षिकासाठी लेख मागितला गेला, तेव्हा तो हिशेब मांडून टाकावा असे मनाने घेतले. वाचकांनी तो धीराने वाचावा, एवढीच विनंती.

मराठी ख्रिस्ती लोकांत ‘हुतात्मा’ ह्या अर्थी एक जुना शब्द आहे: रक्तसाक्षी. जो आपल्या रक्ताने साक्ष देतो तो रक्तसाक्षी. हुतात्म्याने स्वतःची आहुती दिलेली असते, रक्तसाक्ष्याने स्वतःस साक्षीदार म्हणून उभे केलेले असते. साक्षीदार काही बोलतो. तो कोणत्या गोष्टीच्या बाजूने बोलतो, हे पाहणे म्हणूनच अगत्याचे ठरते. ज्या स्त्रीविषयी मी लिहीत आहे तिने कोणत्या गोष्टीची साक्ष दिली? प्रभूवरील श्रद्धेची, हे तर खरेच. परंतु त्या श्रद्धेने तिला जेथे नेऊन पोहोचविले ते ठिकाण म्हणजे सावकाराच्या वहीचे पान होते.

तिचे नाव भगिनी राणी मारिया. केरळातील पेरुम्बावूरजवळच्या पुल्लुवळी ह्या गावी, वट्टालिल नावाच्या शेतकरी घराण्यात २९ जानेवारी १९५४ रोजी तिचा जन्म झाला. पित्याचे नाव पैली, मातेचे एलिश्वा. सात भावंडांत ही दुसरी. घरी तिला मरियम म्हणत. १९७२ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, तिने फ्रान्सिस्कन क्लारिस्ट ह्या धर्मभगिनींच्या संस्थेत प्रवेश केला, आणि १ मे १९७४ रोजी पहिली व्रते घेतली. असिसीचा संत फ्रान्सिस व त्याची शिष्या क्लारा ह्या दोघांनी दारिद्र्यास आपले सोयरे मानले होते. त्यांच्या नावाने चालणाऱ्या संस्थेत शिरताना ह्या मुलीनेही गरिबांत जाण्याची इच्छा धरली. १९७५ च्या अखेरीस ती उत्तर हिंदुस्थानात बिजनोरास आली. मल्याळी मातृभाषा असलेल्या त्या तरुणीने हिंदी आपलीशी केली व ती मुलांस शिकवू लागली. पुढे १९८३ पासून मध्य प्रदेशातील सतना भागात ओडगडी येथे तिने समाजसेवेचे काम पाहिले. आणि १९९२ च्या मे महिन्यात ती इंदूर धर्मप्रांतातील उदयनगर ह्या गावी येऊन राहिली.

उदयनगर हे देवास जिल्ह्यात आहे. देवास व इंदूर ही नावे मराठी माणसास परकी नाहीत. देवासास पवारांचे राज्य होते, इंदुरास होळकरांचे. आजही इंदुरात मराठी बोलणारी जुनी कुटुंबे मोठ्या संख्येने नांदतात. २०१९ साली आपल्या सोलापूरच्या विद्यापीठास ज्या पुण्यश्लोक अहिल्यादेवींचे नाव देण्यात आले, त्यांनी त्याच माळव्याचा कारभार महेश्वराहून पाहिला आणि १७९५ साली तेथेच देह ठेवला. त्यानंतर बरोबर दोनशे वर्षांनी, त्याच माळव्यात, राणी हेच नाव धारण करणाऱ्या पण पायांत साध्या वहाणा घालून पाड्यापाड्यांतून हिंडणाऱ्या ह्या धर्मभगिनीने देह ठेवला. एकीच्या हाती राज्य होते, दुसरीच्या हाती काहीच नव्हते. तथापि रयतेचे गाऱ्हाणे ऐकण्याची वृत्ती दोघींची सारखीच होती, असे मला वाटते. आपल्या गावचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस परमुलखात जाऊन परक्यांचे झाले, तशीच हीसुद्धा घरापासून शेकडो कोस दूर जाऊन परक्यांची झाली.

आता तिच्या कामाविषयी. उदयनगरच्या आसपास बहुतेक वस्ती आदिवासींची. थोडीबहुत जमीन, तीही पावसावर अवलंबून. बियाण्यास पैसा नाही, आजारास पैसा नाही, लग्नकार्यास पैसा नाही. म्हणून सावकाराच्या दारी जाणे आले. कर्ज एकदा घेतले की ते फेडण्यासाठी मजुरी, आणि मजुरी पुरेना म्हणून पुन्हा कर्ज. ही गोष्ट माझ्या विद्यार्थ्यांस नीट कळावी म्हणून एक उदाहरण देते. एक हजार रुपये महिना शेकडा पाच ह्या दराने घेतले आणि व्याज थकून त्यावर पुन्हा व्याज चढत गेले, तर दोन वर्षांनी त्या हजाराचे तीन हजार दोनशेहून अधिक होतात. तेच हजार रुपये बँकेकडून वर्षास शेकडा बारा ह्या दराने घेतले, तर दोन वर्षांनी साडेबाराशेच्या आसपास भरावे लागतात. हा फरक ज्यास मांडता येत नाही, त्याचे शेत, बैल आणि अखेरीस त्याचे हात दुसऱ्याच्या मालकीचे होतात.

भगिनी राणी मारियेने हा फरक लोकांस मांडून दाखविला. तिने त्यांस अक्षरे व आकडे शिकविले, बचतीसाठी एकत्र बसविले, सरकारी योजना कोणत्या व त्यांसाठी अर्ज कोठे करावा हे सांगितले, बँकेच्या दारापर्यंत त्यांच्याबरोबर चालत गेली. दानाची भाकरी वाटली असती तर कोणी तिच्या वाटेस गेले नसते. वाटलेली भाकरी संध्याकाळी संपते, आणि सकाळी भुकेला पुन्हा सावकाराच्या दारी येतो. हिने हिशेब शिकविला, आणि हिशेब एकदा आला की तो काढून घेता येत नाही. ज्यांचा संसार दुसऱ्याच्या अज्ञानावर चालला होता, त्यांस ही बाई नकोशी झाली ह्यात नवल नाही.

२५ फेब्रुवारी १९९५ रोजी सकाळी ती उदयनगराहून इंदुरास जाणाऱ्या मोटारीत बसली. तेथून तिला केरळात माहेरी जावयाचे होते. त्याच मोटारीत समंदर सिंग नावाचा एक तरुण बसला होता. त्यास ह्या कामासाठी चिथावून धाडले होते, हे त्याने पुढे स्वतःच सांगितले. नाचनबोर टेकडीजवळ त्याने सुरा काढला. भरल्या मोटारीत त्याने तिच्यावर वार केले, तिला ओढून खाली रस्त्यावर आणले व तेथेही वार केले. तिच्या देहावर चोपन्न जखमा मोजल्या गेल्या. प्रवाशांनी मोटार भरलेली होती, परंतु भीतीने कोणी आडवे आले नाही. ती मात्र येशूचे नाव घेत राहिली, आणि ते नाव घेतच रस्त्याच्या कडेला तिने प्राण सोडला. तिचे वय तेव्हा एकेचाळीस वर्षांचे होते. तिचा देह उदयनगर येथेच मातीस दिला गेला.

वाचकहो, एखाद्या चांगल्या स्त्रीचा दुष्टाव्याने घात झाला, एवढ्यावर ही कथा थांबली असती तर ती दुःखद खरी, पण जगात असल्या कथांचा तुटवडा नाही. माझ्या अंतःकरणास जी गोष्ट लागून राहिली ती पुढेच आहे.

समंदर सिंगास जन्मठेपेची शिक्षा झाली. तुरुंगात त्यास भेटावयास एक ख्रिस्ती संन्यासी जाऊ लागले. लोक त्यांस स्वामी सदानंद म्हणत. त्यांच्या मध्यस्थीने २००२ सालच्या ऑगस्ट महिन्यात, राखीपौर्णिमेच्या सुमारास, राणी मारियेची धाकटी बहीण इंदूरच्या तुरुंगात आली. तिचे नाव भगिनी सेल्मी पॉल. तीही त्याच संस्थेची धर्मभगिनी. जेथे सख्ख्या बहिणीचा मारेकरी समोर उभा होता तेथे तिने त्याचा हात पुढे घेतला, त्यावर राखी बांधली आणि त्यास भाऊ म्हटले. पुढे वृद्ध माता एलिश्वाही त्यास भेटली. माझ्या मुलीचे रक्त ह्या हातांस लागले आहे, म्हणून तिने त्याच्या हातांचे चुंबन घेतले. घरच्या मंडळींनी त्याच्या सुटकेसाठी सरकारकडे शब्द टाकला, आणि सुमारे अकरा वर्षे शिक्षा भोगल्यावर २००६ साली तो मोकळा झाला. त्यानंतर तो केरळात त्यांच्या घरी जाऊन आला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे मोठ्या समारंभात कार्डिनल आंजेलो आमातो ह्यांच्या हस्ते राणी मारियेस ‘धन्य’ ही पदवी जाहीर झाली. संतपदाच्या वाटेवरील ही पायरी होय. त्या समुदायात समंदर सिंगही उपस्थित होता.

ह्या समारंभाची हकीकत मी वर्तमानपत्रात वाचली, तेव्हा माझ्या पेटीच्या तळाशी एक निबंध दहा वर्षे पडून होता. आता त्याविषयी.

माझे मूळ गाव मंगळवेढे तालुक्यातले. तेथील काळ्या रानात ज्वारी जशी पिकते तशी अन्यत्र क्वचितच पिकत असेल. आमच्या घरी असे चार एकर रान होते. १९७२ साली दुष्काळ पडला. विहिरी आटल्या, गुरे छावणीला गेली, माणसे खडी फोडावयास गेली आणि परदेशी मिलो खाऊन दिवस काढू लागली. आजोबांनी गावातील एका सावकाराकडून कर्ज काढले. जमीन गहाण राहील, पैसे फिटले की परत मिळेल, असे त्यांस सांगण्यात आले, आणि त्यांनी कागदावर अंगठा उठविला. तो कागद गहाणखताचा नव्हता, खरेदीखताचा होता. पैसे घेऊन आजोबा परत गेले त्या दिवशी त्यांस कळले, की जे सोडवावयास ते आले होते ते त्यांनी स्वतःच विकून टाकले आहे. आजोबांना वाचता येत नव्हते.

हे काही आमच्याच घरी घडले असे नाही. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली, आणि तो वणवा दूरवर पसरला. त्यानंतर १८७९ साली सरकारने जो दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला, तो प्रथम ज्या चार जिल्ह्यांस लागू झाला त्यांत पुणे, सातारा व नगर ह्यांच्या जोडीस आपले सोलापूरही होते. कागदाच्या मागे जाऊन मूळ व्यवहार काय होता हे तपासण्याची मुभा त्या कायद्याने न्यायालयास दिली. परंतु न्यायालयापर्यंत जाण्यासही पैसा व अक्षर दोन्ही लागतात. आजोबांजवळ दोन्ही नव्हते.

आम्ही सोलापुरास आलो. वडील चादरीच्या कारखान्यात लागले, आई विड्या वळू लागली. रात्री आई विड्यांची बंडले बांधत असे आणि वडील मला समोर बसवून वाचावयास लावीत. काय वाचावयाचे ह्याबद्दल त्यांचा आग्रह नव्हता. औषधाच्या बाटलीवरचा कागद, रेशनचे कार्ड, सिनेमाची जाहिरात, काहीही चाले. शेवटी ते एकच वाक्य म्हणत, “पोरी, वाचल्याबिगर सही करू नको.” मी शिक्षिका झाले ती ह्या एका वाक्यामुळे. परंतु ह्या वाक्याबरोबर आणखी एक गोष्ट मजकडे वारशाने आली. ती म्हणजे त्या सावकाराचे आडनाव. ते आमच्या घरी शिवीसारखे उच्चारले जाई.

येथे येण्यापूर्वी मी एका तालुक्याच्या गावी शिकवीत होते. २००७ सालच्या जून महिन्यात नववीच्या वर्गाची हजेरी घेताना ते आडनाव माझ्या तोंडून उच्चारले गेले आणि मागच्या बाकावरून एक किरकोळ बांध्याचा मुलगा “हजर” म्हणाला. चौकशी केली, तो त्या सावकाराचाच नातू निघाला. मुलगा शांत व आज्ञाधारक होता, आणि त्याचे मराठी फारच चांगले होते. मी त्यास कधी रागावले नाही, कधी मारले नाही. फक्त त्याने हात वर केला की माझी दृष्टी दुसरीकडे जाई. अन्यायाचे हे रूप मोठे सोयीचे असते. ते कोणाच्या डोळ्यांवर येत नाही, फार काय, करणाऱ्याच्याही डोळ्यांवर येत नाही.

त्या वर्षी जिल्ह्याच्या निबंधस्पर्धेसाठी प्रत्येक शाळेतून एक निबंध पाठवावयाचा होता. विषय होता ‘आमचे रान’. मुलांनी लिहिलेले निबंध मी घरी नेले. त्या मुलाचा निबंध सर्वांत सरस होता, ह्याविषयी मला यत्किंचितही शंका नव्हती. त्याने आपल्या रानाचे, बांधावरच्या बोरीचे, हुरड्याच्या दिवसांचे वर्णन केले होते. ती बोर मला ओळखू आली. तिच्याखाली मी भातुकली मांडलेली होती. मी तो निबंध दुमडून पेटीत टाकला आणि दुसऱ्या एका मुलाचा निबंध स्पर्धेस पाठविला. त्या रात्री मला शांत झोप लागली, हे मी मुद्दाम नमूद करते. मला वाटले, आजोबांचे थोडेसे देणे आज वसूल झाले.

दहा वर्षांनी सेल्मी पॉलची हकीकत वाचली, तेव्हा ते समाधान नाहीसे झाले. ज्या स्त्रीच्या बहिणीस चोपन्न घाव घालून मारले, तिने मारेकऱ्याच्या हातास राखी बांधली. आणि मी, चार एकरांसाठी, ज्याने मजला काहीच केले नव्हते अशा पोराचा कागद दाबून ठेविला. आजोबांचा कागद त्यांना न वाचू देता कोणी लिहिला होता. ह्या मुलाचा कागद जगास न वाचू देता मी लपविला होता. दोन्ही कृत्यांत मूळ धातू एकच. इतकी वर्षे मी स्वतःस धनको समजत होते. हिशेब पुन्हा मांडला तेव्हा कळले, की मीच ऋणको होते.

तरीही मला हे लगेच साधले नाही. क्षमेविषयी लिहिणे सोपे आहे. कित्येक महिने मी मनाशी वाद घालीत होते. क्षमा म्हणजे अन्यायास अन्याय न म्हणणे काय? पण त्या कुटुंबाने तसे कधीच केले नाही. समंदर सिंगावर खटला चालला, शिक्षा झाली, त्याने ती अनेक वर्षे भोगली. त्याने जे केले त्यास कोणी खून ह्याव्यतिरिक्त दुसरे नाव दिले नाही. क्षमा केली ती ज्यांचा घाव होता त्यांनी, आणि ती करतानाही घाव झाकून ठेवला नाही. त्या मातेने तर रक्ताचा उल्लेख करूनच त्याचे हात हाती घेतले. ह्यावरून मला एवढे उमगले, की आजोबांच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार कदाचित मजला नसेल; पण आजोबांच्या वतीने सूड घेण्याचा अधिकार तर मजला मुळीच नव्हता.

शेवटी एका रविवारी मी तो निबंध पेटीतून काढला व त्या गावी गेले. तो मुलगा आता तरुण गृहस्थ झाला आहे. बी-बियाण्यांचे दुकान चालवितो. मला पाहून तो गल्ल्यावरून उठला, वाकून नमस्कार केला, चहा मागविला. मी चहास हात न लावता सर्व काही सांगितले: जमीन, आजोबांचा अंगठा, निबंध, सारे. तो बराच वेळ काही बोलला नाही. दुकानात एक गिऱ्हाईक आले, त्यास त्याने ज्वारीच्या बियाण्याची पिशवी मोजून दिली. मग म्हणाला, “बाई, तुम्ही तो निबंध पाठवला नाही तेव्हा मला वाटलं, आपल्याला लिहायला येत नाही. मग मी लिहायचं सोडून दिलं.”

ह्या वाक्यासारखा घाव मजवर दुसरा कोणी घातला नाही, आणि तो घालण्याचा त्याचा उद्देशही नव्हता. मी पिशवीतून तो कागद काढून त्याच्या हाती दिला. त्यावरील शाई फिकट झाली होती. त्याने तो उभ्यानेच वाचला, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि वाचताना एके ठिकाणी तो हसला. “बोर अजून आहे, बाई,” तो म्हणाला. “येताय का बघायला?”

मी गेले. आजोबांच्या बांधावर सेहेचाळीस वर्षांनी उभी राहिले. रान त्याचे होते आणि त्याचेच राहिले. मी ते मागितले नाही व त्याने देऊ केले नाही. त्याच्या आजोबाने काय केले हे त्यास त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हते. ते कळल्यावर त्याच्या मुद्रेवर जी लाज आली, ती पाहून मला हर्ष झाला नाही, उलट त्याचे ओझे हलके व्हावे असेच वाटले. हे वाटणे म्हणजेच क्षमा असेल, तर ती मजला लाभली. परंतु सगळे मळभ निघून गेले असे मी म्हणणार नाही. अजूनही कधी ते आडनाव कानी पडले की क्षणभर आत काहीतरी कडू होते. मग मी तुरुंगात बांधलेल्या त्या राखीचे स्मरण करते, आणि तो क्षण निघून जातो.

दिवाळीपूर्वी त्याने मला टपालाने एक लेख पाठविला. विषय, बी पेरण्यापूर्वी शेतकऱ्याने पिशवीवरील मजकूर कसा वाचावा. मी त्यातील दोन शुद्धलेखनाच्या चुका दुरुस्त केल्या आणि लेख परत धाडला. वर्गात अकरा वर्षांपूर्वी जे करावयाचे राहिले होते, ते ह्याप्रमाणे सुरू झाले आहे.

आता त्या आठवीतील मुलीच्या प्रश्नाकडे वळते. ती आता शाळा सोडून गेली असेल, पण तिची धाकटी भावंडे हे वार्षिक वाचीत असतील. बाळांनो, तिला सांगा की होय, हातात काही न घेता मेलेली एक स्त्री आहे. नाही म्हणावयास तिच्या हाती एक गोष्ट होती: गरिबास हिशेब शिकविणारी पाटी. ती पाटी हाती घेणे पुष्कळांस तलवारीहून भयंकर वाटले, म्हणून तिचा जीव घेतला गेला. तिने दोन ठेवी मागे ठेविल्या. एक उदयनगरच्या पाड्यांत आहे. तेथील माणसे कागद वाचल्याविना अंगठा उठवू नये हे शिकली. दुसरी तिच्या बहिणीच्या हातून समंदर सिंगाच्या मनगटावर बांधली गेली. ह्या दोन ठेवी परस्परांपासून वेगळ्या करू नका. हिशेब शिका, म्हणजे तुम्हांस कोणी लुबाडणार नाही. आणि ज्याने लुबाडले त्याच्या नातवाचा कागद हाती आला, तर तो न्यायाने वाचा.

पालकांस माझी एक विनंती आहे. घरी जुन्या वैराची आडनावे असतात. जमिनीची असतात, पाण्याची असतात, भावकीची असतात. इतिहास मुलांपासून लपवू नये. माझ्या वडिलांनी लपविला नाही, हे बरेच झाले. परंतु ते आडनाव मुलाच्या हाती देताना त्यावरचे विष तेवढे आपण पुसून द्यावे. आपले मूल उद्या कोणाच्या तरी हजेरीवर सही करणार आहे, कोणाचा तरी अर्ज मंजूर किंवा नामंजूर करणार आहे, कोणाचा तरी निबंध वाचणार आहे.

२५ फेब्रुवारी हा धन्य राणी मारियेचा स्मरणदिन. १२ जानेवारीस आपण चार हुतात्म्यांस वंदन करतो, त्यानंतर सहा आठवड्यांनी तो येतो. त्या दिवशी शाळेत विशेष काही करावयास नको. प्रत्येकाने घरी एखाद्या न वाचता येणाऱ्या माणसाजवळ बसावे, आजी असो, कामवाली मावशी असो, शेतावरचा गडी असो, आणि त्यांचा एक कागद त्यांस शेवटपर्यंत वाचून दाखवावा. मी माझ्यापुरते हे ठरविले आहे. माझ्या आजोबांस असा वाचून दाखविणारा त्या दिवशी कोणी भेटला नाही. पण आता जे भेटतील त्यांच्याजवळ बसण्यास मला सवड आहे.